ब्लॅक आऊट : ८०४ खुर्च्या आणि एक रात्र

१८ सप्टेंबर २०१९ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या ४५व्या रस्त्यावर गोल्डन थिएटर आहे. ब्रॉडवेच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या मानाने ते लहानच, ८०४ खुर्च्यांचं. त्या संध्याकाळी तिथे ‘स्लेव्ह प्ले’ या नव्या नाटकाचा प्रयोग होता आणि ८०४च्या ८०४ खुर्च्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी भरलेल्या होत्या. त्यात लेखक होते, कलावंत होते, विद्यार्थी होते. नाटककार जेरेमी ओ. हॅरिसने या प्रयोगाला नाव दिलं ‘ब्लॅक आऊट’. आपल्याकडे नाटकवाले प्रवेश संपल्यावर दिवे घालवण्याला ब्लॅकआऊट म्हणतात, तिकडेही तोच अर्थ आहे. हॅरिसने तो शब्द मधोमध तोडला आणि रंगमंचावरून उचलून प्रेक्षागृहात आणला.

पाच वर्षांनी हेच नाटक लंडनला गेलं. तिथे जवळजवळ तीन महिन्यांत शंभराच्या आसपास प्रयोग व्हायचे होते आणि त्यातले दोन ‘ब्लॅक आऊट’ असणार होते. त्या दोन रात्रींवरून थेट ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या कार्यालयाने नापसंती जाहीर केली. एखाद्या गटासाठी प्रयोग राखला की माणसं जोडली जातात की तोडली जातात, हा वाद तेव्हापासून कोणाला तरी कुठे तरी घालावाच लागतो. बहुतेक वेळा तो नाटकाचं नावही न घेता घातला जातो. मला हे प्रकरण नाटकापासूनच सुरू करायचं आहे, कारण ही रात्र का हवीशी वाटली याचं उत्तर आधी नाटकात आहे.

‘स्लेव्ह प्ले’ दोन तासांचं, मध्यंतर नसलेलं नाटक आहे. सुरुवातीला आपण व्हर्जिनियातल्या एका मळ्यावर, गुलामगिरीच्या काळात आहोत असं वाटतं. मालक आणि गुलाम यांच्यातली हुकूमत, वासना, अपमान असं सगळं अंगावर येतं, आणि त्यातच मधूनमधून हसूही फुटतं. मग उलगडा होतो की ही आजची आंतरवंशीय जोडपी आहेत. आपल्या नात्यातली जवळीक का आटली हे शोधण्यासाठी ती एका उपचाराचा भाग म्हणून मळ्यावरचे हे खेळ खेळताहेत. पुढचा भाग म्हणजे त्या उपचाराची सामूहिक बैठक. गोरे जोडीदार बोलतच राहतात, आणि कृष्णवर्णीय जोडीदारांना स्वतःचं दुखणं मांडायला वाक्य सापडत नाही. शेवटचा भाग एका जोडप्याच्या खोलीत घडतो, आणि तो सहन करणं सोपं नाही.

ब्रॉडवेच्या प्रयोगात नेपथ्यकार क्लिंट रामोस यांनी मंचाच्या मागे आरसे उभे केले होते. प्रेक्षक समोर पाहायचे तेव्हा नटांच्या मागे त्यांना स्वतःचेच चेहरे दिसायचे. या एका गोष्टीवर मला थोडं थांबावंसं वाटतं. एरवी प्रेक्षक कोण आहे हे फक्त नटाला दिसतं. इथे ते सगळ्यांना दिसत होतं. मंचावर एका कृष्णवर्णीय बाईचा पाणउतारा चालू आहे, आणि तिच्या मागच्या आरशात बहुतांश गोरे चेहरे आहेत, काही हसणारे, काही ओशाळलेले. त्या गर्दीत इकडे तिकडे विखुरलेले चार-सहा कृष्णवर्णीय प्रेक्षक आहेत. आता त्या चार-सहा जणांच्या जागी बसून पाहा. विनोदावर हसावं तर शेजारचा आपल्याकडे पाहून हसायचं की नाही हे ठरवतोय. हुंदका आला तर आपण कोणासाठी तरी दृश्य होतोय. नाटक पाहायला आलेल्या माणसाला स्वतःलाही सादर करावं लागतंय.

हॅरिसने ‘ब्लॅक आऊट’चा हेतू सांगितला तो हाच. कृष्णवर्णीय प्रेक्षकांना गोऱ्या नजरेच्या दडपणाशिवाय कलाकृती पाहता यावी आणि तिच्यावर बोलता यावं, अशी जागा मुद्दाम घडवायची. कल्पना फक्त नाटकापुरती नव्हती, तिच्यात चित्रपट आणि खेळांचे सामनेही धरलेले होते.

दडपण म्हणजे काय, हे हॅरिसच्याही आधी नाटककार डॉमिनिक मोरिसो यांनी लिहून ठेवलं आहे. २०१५मध्ये ‘अमेरिकन थिएटर’ मासिकात त्यांनी एका प्रयोगाचा अनुभव लिहिला. मोठ्याने दाद दिली म्हणून शेजारच्या गोऱ्या प्रेक्षक बाईने त्यांना हटकलं होतं. त्यानंतर मोरिसो आपल्या नाटकांच्या प्रेक्षकांसाठी छापील सूचना देऊ लागल्या : इथे मोठ्याने हसायची मुभा आहे, ‘हं’, ‘हो ना’ असं म्हणायची मुभा आहे. यामागे एक परंपरा आहे. कृष्णवर्णीय चर्चमध्ये धर्मोपदेशक बोलतो तेव्हा समोरची माणसं गप्प बसत नाहीत, वाक्यागणिक उत्तर देतात. ऐकणं म्हणजे उत्तर देणं. कीर्तनात बुवांनी ओळ सोडली की समोरून ती उचलली जाते, हे पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. ब्रॉडवेचा शिष्टाचार याच्या उलट आहे. अंधारात हाताची घडी घालून बसायचं, ठरलेल्या जागी टाळी वाजवायची. हा शिष्टाचार वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तो एका विशिष्ट प्रेक्षकाचा आहे, आणि तो प्रेक्षक कोण हे आकड्यांत दिसतं. ब्रॉडवेच्या निर्मात्यांची संघटना दरवर्षी प्रेक्षकांची पाहणी करते. २०१८-१९च्या हंगामात सुमारे ७४ टक्के प्रेक्षक गोरे होते, आणि प्रेक्षकाच्या कुटुंबाचं सरासरी वार्षिक उत्पन्न होतं २,६१,००० डॉलर.

म्हणजे राखीव रात्र नसते तेव्हा नाट्यगृह सगळ्यांचं असतं, हे गृहीतकच तपासायला हवं. पाटी कुठेही लावलेली नसते. तिकिटाचा दर, जाहिरात कुठे लागते, नाट्यगृह कुठल्या वस्तीत आहे, आत गेल्यावर कोण कसं पाहतं, ही सगळी मिळून पाटीचं काम करतात.

पूर्वी तर पाटीही होती. वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये कृष्णवर्णीय प्रेक्षकांना तिकीट मिळत नसे. १९३६मध्ये ‘पोर्गी अँड बेस’ हे संगीत नाटक तिथे आलं. त्यातले मुख्य गायक-नट टॉड डंकन आणि ॲन ब्राऊन स्वतः कृष्णवर्णीय होते. आमच्या लोकांना आत बसू देणार नसाल तर आम्ही गाणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि त्या मुक्कामापुरती दारं उघडली. मुक्काम हलला आणि जुना नियम परत आला. पुढे अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने असा भेद करणाऱ्या नाट्यगृहात काम करायला नकार दिला, तेव्हा १९४८मध्ये मालकांनी नाटकंच बंद केली आणि तिथे सिनेमा दाखवायला सुरुवात केली. राजधानीतलं महत्त्वाचं नाट्यगृह सुमारे चार वर्षं नाटकाविना राहिलं, पण शेजारी कृष्णवर्णीय माणूस बसू द्यायला ते तयार नव्हतं. १९५२मध्ये ते सर्वांसाठी उघडलं.

याच्याही सव्वाशे वर्षं आधीची एक गोष्ट आहे, ती मला या सगळ्या वादात सर्वांत बोलकी वाटते. १८२१मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम अलेक्झांडर ब्राऊन या कृष्णवर्णीय माणसाने आपल्या लोकांसाठी ‘आफ्रिकन ग्रोव्ह’ नावाचं थिएटर काढलं. हा माणूस पूर्वी जहाजावर कारभारी होता. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी तेव्हा पूर्ण संपलेलीही नव्हती, ती संपली १८२७मध्ये. तिथे कृष्णवर्णीय नट शेक्सपियरचा ‘रिचर्ड द थर्ड’ करत. कुतूहलाने गोरे लोकही येऊ लागले, आणि त्यातले काही हुल्लड करू लागले. ब्राऊनने मग मागच्या बाजूला आडोसा घालून गोऱ्यांसाठी वेगळी जागा केली, आणि या लोकांना सभ्य स्त्री-पुरुषांच्या करमणुकीत कसं वागावं ते कळत नाही, असं त्याचं कारणही जाहीर केलं. पुढे पोलिसांनी नटांना धरून नेलं, गोऱ्या टोळक्याने थिएटरवर हल्ला केला, आणि दोन-तीन वर्षांत ते थिएटर संपलं.

ब्राऊनचा आडोसा आणि वॉशिंग्टनची बंद दारं या दोन्ही भिंतीच. कागदावर त्या सारख्या दिसतात आणि आजच्या वादात त्यांना सारखंच तोललं जातं. पण ब्राऊनच्या थिएटरमध्ये मागे बसावं लागलेल्या गोऱ्या माणसाला शहरातलं बाकी प्रत्येक नाट्यगृह उघडं होतं. वॉशिंग्टनला दारातून परत पाठवलेल्या माणसाला नाटक दुसरीकडे नेऊन कोणी दाखवणार नव्हतं. भिंत कोणी बांधली यापेक्षा भिंतीबाहेर राहिलेल्याच्या हातात काय उरलं, हे मी आधी विचारेन.

आता लंडन.

२०२४च्या उन्हाळ्यात ‘स्लेव्ह प्ले’ वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या मुख्य नाट्यगृहांच्या भागातल्या नोएल कॉवर्ड थिएटरमध्ये आलं. नटसंचात किट हॅरिंग्टन आणि ऑलिव्हिया वॉशिंग्टन होते. २९ जून ते २१ सप्टेंबर असा मुक्काम होता, आणि १७ जुलै व १७ सप्टेंबर या दोन तारखा ‘ब्लॅक आऊट’ म्हणून ठरल्या. नाटक यायच्या चार महिने आधीच हॅरिस या रात्रींबद्दल मुलाखतीत बोलला आणि गदारोळ सुरू झाला. तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांच्या प्रवक्त्याने म्हटलं की कला सर्वसमावेशक असायला हवी, आणि वंशाच्या आधारावर प्रेक्षकांवर बंधन घालणं चुकीचं आणि फूट पाडणारं ठरेल. निर्मात्यांनी लगेच खुलासा केला : कुठल्याही प्रयोगाला कोणालाही अडवलं जाणार नाही.

त्यांना तसं करताही आलं नसतं, आणि वादात हे बहुतेकांच्या लक्षातच येत नव्हतं. ब्रिटनचा २०१०चा समानता कायदा सेवा देताना वंशावरून कोणाला नाकारू देत नाही. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्यात भेदभावाला बंदी असलेल्या सार्वजनिक जागांमध्ये नाट्यगृहाचा थेट उल्लेख आहे. वॉशिंग्टनसारख्या प्रकारांवर उतारा म्हणून आलेला हा कायदा उद्या एखाद्या ‘ब्लॅक आऊट’ रात्री दारात अडवलेल्या गोऱ्या माणसाच्याही मदतीला येईल, आणि यायलाच हवा.

मग या रात्री भरतात कशा? निमंत्रणाने. कृष्णवर्णीय संस्था, विद्यार्थी मंडळं, कलावंतांचे गट यांच्याकडे तिकिटांची माहिती आणि सवलतीचे कोड आधी पोचवले जातात. प्रयोग जाहीर करताना तो कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे ते सांगितलं जातं. दारात वंश कोणी विचारत नाही. गोऱ्या माणसाने तिकीट काढलंच, तर तो आत येऊन बसतो. म्हणजे प्रत्यक्षात जे राखलेलं असतं ते आमंत्रण. एकदा हे समजलं की ‘बंदी’ हा शब्द गळून पडतो, आणि वाद खरा कशावर आहे ते दिसतं : एखाद्या समूहाला उद्देशून, नाव घेऊन बोलवावं की नाही?

ब्रिटनमध्ये याचं दुसरं एक सरावाचं उदाहरण आहे. तिथल्या अनेक नाट्यगृहांत स्वमग्न मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठी ‘रिलॅक्स्ड’ प्रयोग लागतात. दिवे पूर्ण घालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात, मधेच उठून फिरलं किंवा ओरडलं तरी कोणी मागे वळून पाहत नाही. एरवी त्या आईबापांना दर मिनिटाला माफी मागत बसावं लागलं असतं. या प्रयोगाला इतर कोणीही जाऊ शकतं. याला कोणी फूट म्हणत नाही. आपल्याकडे ‘खास महिलांसाठी’ लावणीचे प्रयोग लागतात, आणि तिथे तर पुरुषांना खरोखरच मज्जाव असतो. एरवी जिथे जायला बाई कचरते, तिथे त्या दिवशी बायका शिट्ट्या मारतात, खुर्च्यांमधल्या वाटेत येऊन नाचतात. कला तीच, नृत्यांगना त्याच, पण दाद वेगळी येते आणि त्या दादेने प्रयोग बदलतो. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना गोल्डन थिएटरमधल्या रात्रीचा अंदाज सहज येईल.

तरीही आक्षेप घेणाऱ्या प्रत्येकाला वंशद्वेष्टा ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. काही आक्षेपांत दम आहे.

पहिला आक्षेप शब्दांचा. फेब्रुवारी २०२३मध्ये कॅनडात ओटावाच्या नॅशनल आर्ट्स सेंटरने अलेशिया हॅरिस यांच्या ‘इज गॉड इज’ या नाटकाचा असा प्रयोग ठेवला. (आडनाव सारखं असलं तरी जेरेमीशी त्यांचं नातं नाही.) ही संस्था सार्वजनिक पैशावर चालते, त्यामुळे टीका जास्त झोंबणारी झाली आणि दारात कोणाचीही तपासणी होणार नाही हे संस्थेला सांगावं लागलं. घोषणेत ‘सर्व प्रेक्षक कृष्णवर्णीय’ अशा अर्थाचे शब्द वापरायचे, आणि ओरड झाली की ‘पण कोणीही येऊ शकतं’ म्हणायचं, याने दोन्हीकडून विश्वास जातो. ज्याला बोलावलं त्याला वाटतं माघार घेतली, आणि ज्याला बोलावलं नाही त्याला वाटतं आधी खरंच बंदी होती. हा दोष कल्पनेचा नाही, ती मांडणाऱ्यांचा आहे, पण त्याची किंमत कल्पनेला मोजावी लागते. पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्यात दोन्ही गोष्टी सांगता आल्या असत्या.

दुसरा आक्षेप या नाटकापुरता आहे आणि माझ्या मते जास्त खोल आहे. ‘स्लेव्ह प्ले’ आंतरवंशीय जोडप्यांविषयीचं नाटक आहे. एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, हीच त्याची वेदना. मग ज्या जोडप्याने हे नाटक शेजारी शेजारी बसून पाहायला हवं, त्यातल्या एकालाच या रात्रीचं आमंत्रण आहे. आणि ज्याची आई कृष्णवर्णीय आणि वडील गोरे आहेत, त्याने आपल्या वडिलांना घरी ठेवून यायचं का? ‘येऊ शकतात, कोणी अडवणार नाही’ हे उत्तर कायद्याला पुरतं. त्या बापलेकांना ते पुरत नाही. याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणेन की त्यांच्यासाठी उरलेल्या शंभरेक रात्री आहेत, आणि या एका रात्री मुलगा एकटा गेला तर घरी आल्यावर दोघांचं बोलणं वेगळं होईल. नाटकातल्या जोडप्यांना नेमकं तेच जमत नाही.

कृष्णवर्णीय प्रेक्षक म्हणजे एकमताचा जथा, हा समजही खोटा आहे. हे नाटक २०१८च्या अखेरीस न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये आलं, तेव्हा ते बंद करा अशी मागणी करणारी सह्यांची मोहीम निघाली, आणि ती एका कृष्णवर्णीय प्रेक्षक बाईनेच सुरू केली होती. गुलाम स्त्रियांवरचे अत्याचार असे मंचावर मांडणं तिला असह्य झालं होतं. हा आक्षेप राखीव रात्रींच्या विरोधात जातो असं काहींना वाटतं, मला तो बाजूने वाटतो. आपसांतलं असं भांडण गोऱ्या प्रेक्षकांसमोर मोकळेपणाने करता येत नाही. ‘आपलीच माणसं आपल्या नाटकाला नावं ठेवतात’ याचा वापर उद्या कोण कशासाठी करेल, ही धास्ती असते. खोलीत फक्त आपली माणसं असतील तर नाटकाला वाईट म्हणण्याचीही मोकळीक मिळते. दादेइतकीच नापसंतीलाही जागा लागते.

उलट बाजूचं चित्र नोव्हेंबर २०१९मध्ये त्याच गोल्डन थिएटरमध्ये दिसलं. प्रयोगानंतरच्या चर्चेत एक गोरी प्रेक्षक बाई हॅरिसवर भडकली. या नाटकाने आपल्याला वंशद्वेष्टी ठरवलं, असं ती ओरडून सांगू लागली. चित्रफीत सगळीकडे फिरली, तिची टर उडवली गेली. मला त्या टवाळीत रस नाही. ती दुखावली होती हे खरं आहे. पण त्या संध्याकाळी चर्चा नाटकावरून हटली आणि तिच्या दुखावण्याभोवती फिरत राहिली, हेही तितकंच खरं आहे. नाटकातल्या उपचाराच्या बैठकीत नेमकं हेच घडतं, आणि आरशासमोर बसूनही ते पुन्हा घडलं. अशा चर्चेत कृष्णवर्णीय प्रेक्षकाने काय बोलावं?

तिसरा आक्षेप सगळीकडे घेतला जातो : उद्या कोणी फक्त गोऱ्यांसाठी प्रयोग लावला तर? ज्या देशात ७४ टक्के खुर्च्या न बोलावताच गोऱ्यांनी भरतात, तिथे त्यांच्यासाठी वेगळं आमंत्रण काढण्याची गरज कोणाला पडेल, आणि पडली तर ती कशासाठी, याचं उत्तर प्रश्नातच आहे. पण इंग्लंडच्या एखाद्या जुन्या खाणगावातल्या गरीब गोऱ्या वस्तीला, जिथून आजवर कोणी वेस्ट एंडला पाऊल टाकलं नसेल, एखाद्या नाट्यगृहाने नाव घेऊन बोलावलं, त्यांच्यासाठी बस पाठवली, स्वस्त तिकिटं ठेवली, तर मी त्याही रात्रीच्या बाजूने उभा राहीन. ज्या कारणाने मला पहिली रात्र योग्य वाटते, त्याच कारणाने हीसुद्धा.

या प्रकरणात माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे. ती मांडण्यासाठी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्याकडे जावं लागेल. मराठी वाचकाला हे नाव परकं असू नये. जुलै १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिलं होतं. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची प्रत त्यांनी मागितली होती, आणि आपल्याकडचे अस्पृश्य व तिकडचे कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं होतं. ड्युबॉइस यांनी त्याच महिन्यात आपुलकीने उत्तर दिलं. त्याहूनही आधी, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. तिकडची ही गोष्ट आपल्या घरात दीडशे वर्षांपासून आहे.

तर ड्युबॉइस. १९२६मध्ये ‘क्रायसिस’ मासिकात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या खऱ्या रंगभूमीसाठी चार अटी घातल्या. नाटक आपल्याविषयी हवं. आपण लिहिलेलं हवं. आपल्यासाठी हवं, म्हणजे त्याचा मुख्य प्रेक्षक आणि आधार आपली माणसं हवीत. आणि ते आपल्याजवळ हवं, साधी कृष्णवर्णीय माणसं जिथे राहतात त्या वस्तीत. शंभर वर्षांपूर्वीचं हे लिखाण घेऊन १८ सप्टेंबर २०१९च्या रात्रीकडे पाहिलं तर पहिल्या दोन अटी पुऱ्या होतात. तिसरी एका रात्रीपुरती होते. चौथी होतच नाही.

हॅरिसला याची जाण नव्हती असं नाही. ब्रॉडवेच्या मुक्कामात ३९ डॉलरची सुमारे १०,००० तिकिटं ठेवली गेली होती, आणि ब्रॉडवेच्या दरांत ही मोठी गोष्ट आहे. पण रात्र उलटते. दुसऱ्या दिवशी तेच नाट्यगृह, तोच नेहमीचा प्रेक्षक. ‘ब्लॅक आऊट’ने फूट पडते ही भीती मला म्हणूनच अस्थानी वाटते. एका रात्रीत एवढी ताकद नसते. मला काळजी वाटते ती दुसरी : निर्मात्यांना ही एक रात्र पुरेशी वाटू लागेल. वाद होईल, बातम्या येतील, तिकिटं खपतील, कर्तव्य केल्याचं समाधान मिळेल, आणि उरलेल्या रात्रींचे दर, जाहिराती, वागणूक जिथल्या तिथे राहील. ज्या रात्री लंडनमध्ये कोणी अडवलं जाणार नव्हतं त्या रात्रींवर पंतप्रधानांचं कार्यालय बोललं. बाकीच्या रात्री कोण येऊ शकत नाही, यावर एक अक्षर आलं नाही.

पूर्व लंडनमध्ये थिएटर रॉयल स्ट्रॅटफर्ड ईस्ट आहे. ५ जुलै २०२३ला तिथेही डेव्ह हॅरिस यांच्या ‘टँबो अँड बोन्स’ या नाटकाचा ‘ब्लॅक आऊट’ प्रयोग झाला, आणि तेव्हाही वाद झाला. (हाही तिसराच हॅरिस.) पण ते नाट्यगृह न्यूहॅमसारख्या भागात आहे, जिथे कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई वस्ती दाट आहे. तिथे अशी रात्र आली तर तो शेजाऱ्यांना दिलेला आवाज असतो. वेस्ट एंडला तीच रात्र पाहुण्यांना दिलेलं आमंत्रण होते. पाहुणा कितीही आदराने बोलावला तरी रात्री उशिरा त्याला लांबची गाडी पकडायची असते.

ड्युबॉइस यांनी आपल्या चार अटी नुसत्या लिहून ठेवल्या नाहीत. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत, १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात त्यांच्या ‘क्रिग्वा’ या नाटकमंडळीने छोटा मंच उभारला आणि वस्तीतल्या लोकांसमोर नाटकं केली. १९२७मध्ये या मंडळीच्या एका नाटकाला स्पर्धेत २०० डॉलरचं बक्षीस मिळालं. ड्युबॉइस यांनी ती रक्कम निर्मितीखर्चात वळती केली, नटांच्या आणि लेखिकेच्या हाती काही आलं नाही, आणि मंडळी फुटली. दोनशे डॉलरवरून ‘आपल्याजवळ’ची रंगभूमी विझली. त्याच १९२७मध्ये ४५व्या रस्त्यावर एक नवं नाट्यगृह उघडलं. त्याचं पहिलं नाव होतं थिएटर मास्क, पुढे ते झालं गोल्डन थिएटर. त्या तळघरापासून ते नव्वद रस्ते खाली आहे.